भालेकरी गात नाही

ब्लासियुसच्या जुळ्या मुलींचा बाप्तिस्मा झाला, त्या वर्षीची गोष्ट. मे महिना सरत आला होता आणि गावाला अजून एकही देवमासा मिळाला नव्हता. डोंगरावरच्या बायका मांसाच्या बदल्यात द्यायला मका घेऊन येत आणि मक्याने भरलेल्या टोपल्या तशाच घेऊन परत जात.

सकाळी नाव छपराखालून काढून ओंडक्यांवर ठेवली होती. माणसे तिला टेकून वाळूत बसली. नाव लोटण्याआधी थोडा वेळ गप्प बसायचे, अशी रीत. कुणाचे भांडण असेल, कुणी काही लपवले असेल, तर ते तेव्हाच बोलून टाकायचे. ज्याचे नुकसान झाले त्याने ‘धुतलं’ म्हटल्याशिवाय नाव हलत नाही. पोटात काही ठेवून निघालेल्या नावेला समुद्र काही देत नाही. सगळे मोकळे झाले की सुकाणूवरचा म्हातारा लोरेन्स पवित्र पाणी शिंपडतो आणि गाणे सुरू होते.

पुरुषांना ही शांतता फार आवडायची. घरची हाक नाही, पोरांचे रडणे नाही. लाट येते, जाते. एखादा बसल्या बसल्या डुलकीही काढी.

गोरिसला मात्र त्या मोसमात ती नकोशी झाली होती. तो नावेचा भालेकरी. नावेच्या पुढच्या टोकावर, नाळेवर उभे राहायचे आणि देवमासा टप्प्यात आला की बांबूच्या भाल्यासकट त्याच्या पाठीवर उडी घालायची, हे काम तो सव्वीस वर्षे करत होता. आता त्याचा उजवा डोळा गेला होता. ते फक्त त्याची बायको सिस्का हिला माहीत होते. पंधरा दिवसांपूर्वी त्याची उडी हातभर अलीकडे पडली. भाला अर्धवट लागला, देवमासा दोर घेऊन पळाला आणि दोराचे वेटोळे वल्ह्यावरच्या ब्लासियुसच्या घोट्याला अडकले. लोरेन्सने दोर कापला म्हणून तो वाचला. गाव दोर वळणाऱ्याला नावे ठेवत राहिले. गोरिस काही बोलला नाही.

आदल्या दिवशी सिस्काने त्याला बजावले होते की, उद्या तुम्ही बोलला नाहीत तर मी खाली येऊन सगळ्यांसमोर बोलेन. नाव निघताना बायका वाळूवर येत नाहीत. तरी ती छपराच्या पायरीवर ताडाची पाने चिरत बसली होती. गोरिसला ती धड दिसत नव्हती. चिरण्याचा आवाज तेवढा येत होता.

“कुणाचं काही?” लोरेन्सने विचारले.

वल्ह्यावरच्या दोमीने कबूल केले की मेहुण्याचा मोठा गळ हरवलेला नाही, आपल्याच घरात आहे. मेहुणा शेजारीच होता. तो म्हणाला, गळ ठेव, तू तेवढा हरव. धुतलं. सगळे हसले.

बराच वेळ गेला. पायरीवरचा आवाज थांबला. सिस्का उठून उभी राहिली होती.

“उजव्या डोळ्यानं मला दिसत नाही,” गोरिस म्हणाला. “दोन पावसाळे झाले.”

ब्लासियुस आपल्या घोट्यावरच्या खपलीकडे बघत बसला.

“दादा, माझ्या पोरी अजून माझं तोंडही ओळखत नाहीत,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे.”

“ठाऊक होतं आणि तरी उडी घातलीत?”

“घातली.”

आता शब्द ब्लासियुसचा होता. तो उठला, थोडा लंगडत नाळेपाशी गेला आणि तिथला भाल्याचा बांबू काढून त्याने खांद्यावर घेतला.

“धुतलं,” तो म्हणाला. “पण हा आजपासून माझा. तुम्ही माझ्या जागी बसा.”

गोरिसने मान डोलावली. त्याच्या छातीतून असा श्वास सुटला की शेजारच्याने वळून पाहिले. लोरेन्सने डावा डोळा कसा आहे म्हणून विचारले. बरा आहे, गोरिस म्हणाला.

“मग झालं तर,” लोरेन्स म्हणाला. “वल्ह्याला डोळे लागत नाहीत, ढुंगण लागतं.”

पाणी शिंपडून झाले. नाव ओंडक्यांवरून घसरत पाण्यात गेली, माणसे चढून बसली आणि गाणे उठले. भालेकरी गात नाही. त्याचा श्वास आणि कान देवमाशासाठी राखलेले असतात. सव्वीस वर्षे गोरिसने ते गाणे पाठीवर ऐकले होते. आज तो त्याच्या मधोमध बसला आणि तोंड उघडून गायला. सूर भलतीकडेच जात होता आणि प्रत्येक ओळ तो सगळ्यांच्या आधी संपवत होता.

“ह्याला सव्वीस वर्षं गप्प कुणी ठेवलं होतं?” दोमी मागून म्हणाला. “त्याच्या नावानं मेणबत्ती लावू या.”

गोरिसला हसू आवरेना. त्याचे वल्हे चुकले आणि पाणी ब्लासियुसच्या पाठीवर उडाले. ब्लासियुसने मागे पाहिले नाही. भालेकऱ्याने पाहायचे नसते.

त्या दिवशी काही मिळाले नाही. नवव्या दिवशी मिळाले.

गोरिस त्यानंतर सात वर्षांनी, उपवासकाळातल्या एका गुरुवारी, दुपारी घरच्या चटईवर वारला. सिस्का जवळ होती. त्या सात वर्षांत समुद्राने त्या नावेतला एकही माणूस ठेवून घेतला नाही.