बकुळची तिसरी रूममेट

खांद्यावर शाल पडली तेव्हा बकुळने मनातल्या मनात मोजलं. दोन वर्षांतली ही चौथी.

सभागृहात टाळ्या दणाणल्या. तिने केलं काय होतं? एम.ए.च्या पहिल्या वर्षाला चोपन्न टक्के मिळवले होते. वर्गात साठवाले होते, एकाहत्तरवाली एक होती. त्यांच्या खांद्यांवर काही नव्हतं. पण त्यांना दिसत होतं, बकुळला जन्मापासून दिसत नव्हतं. "अब बकुल जी एक भजन सुनाएँगी," सूत्रसंचालक लाडात येऊन म्हणाला. बकुळचा विषय राज्यशास्त्र. दुर्गाघाटावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या तिच्या मराठी घरात, पाटणकरांकडे, कुणालाच कधी सूर सापडला नव्हता, आणि आंधळं असल्याने तो आपोआप सापडत नाही, हे ती भेटेल त्याला सांगून थकली होती. ती गायली नाही. तरी टाळ्या झाल्याच.

हॉस्टेलकडे परतताना वॉर्डन कालिंदीमावशींनी तिचा दंड घट्ट धरला होता. मावशी ब्रह्माघाटावरच्या, आईच्या ओळखीच्या. "किती कौतुक झालं गं पोरी तुझं!" त्या म्हणाल्या. पायाखालचा रस्ता बकुळला पाठ होता. दंड मात्र सुटेना.

या कौतुकाने तिचा जीव मेटाकुटीला आला होता. मागच्या महिन्यात वर्गात ती मुद्दाम म्हणाली, राज्यसभा दर पाच वर्षांनी बरखास्त होते. राज्यसभा बरखास्त होतच नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. सर म्हणाले, "वाह, अच्छा प्रयास!" मेसमध्ये तिच्या हातून एकीच्या नव्या कुर्त्यावर डाळ सांडली, तर ती मुलगीच म्हणाली, "सॉरी दीदी." सगळे गोड. सगळे मऊ. पण संध्याकाळी त्याच मुली नावेतून फिरायला निघाल्या की जिन्यात त्यांचे आवाज खाली येत. "तुला त्रास होईल ना, म्हणून नाही सांगितलं," असं दुसऱ्या दिवशी सांगत.

रूममेटही तशाच गेल्या. पहिल्या वर्षी अंबिका. तिला म्हणे वरच्या मजल्यावर हवा बरी मिळणार होती. मग पद्मा. तिची मावसबहीण दुसऱ्या हॉस्टेलात एकटी पडली होती. जाताना दोघींनी बकुळला मिठी मारली. पद्मा तर रडली. आता सहा दिवसांपूर्वी तिसरी आली होती. रिनचिन, अरुणाचलातल्या तवांगची. फार बोलत नव्हती. बकुळने ओळखलं, हिलाही लवकरच कुठली तरी बहीण सापडणार.

खोलीत शिरताच बकुळने शाल भिरकावली. ती कुठे पडली, याची तिने फिकीर केली नाही. पलंगावर बसून तिने मोबाईल सुरू केला. तिची पुस्तकं मोबाईल वाचून दाखवायचा, खणखणीत आवाजात, पाठ होईस्तोवर तेच तेच. आज डोकं इतकं तडकलं होतं की तिने आवाज पार वर नेला.

"बंद करो!"

बकुळ दचकली. असा आवाज या खोलीत कधी चढला नव्हता.

"सहा दिवस ऐकतेय," रिनचिन ओरडली. हिंदी तोडकीमोडकी होती, राग मात्र अस्सल होता. "पहाटे हेच, दुपारी हेच. उद्या माझी परीक्षा आहे. आणि ही शाल माझ्या वह्यांवर फेकलीस, चहा सांडला! अंधी हो, ठीक है. इतनी लापरवाह क्यों हो?"

बकुळचे कान तापले. "मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस!"

"सांगणार होते. सगळ्या म्हणाल्या, तिला काही बोलू नकोस, बिचारी आहे. पद्मा याच आवाजापायी गेली. अंबिकाही. सगळ्या हॉस्टेलला माहीत आहे."

बकुळने मोबाईल बंद केला. दोन वर्षं. दोन माणसं. आणि एकीनेही नुसतं एवढं म्हटलं नव्हतं, की बाई, आवाज कमी कर.

"आणि तू?" तिने विचारलं. "तू कधी चाललीस?"

"मी कशाला जाऊ? तीन हॉस्टेलं फिरून ही खोली मिळाली. सकाळी तुझ्या त्याच स्टेजवर पाहुण्यांच्या स्वागताला मलाही उभं केलं होतं, गावाकडचे कपडे घालून, दोन तास. नेपाळची का, चीनची का, विचारत होते. माझं डोकं आधीच फिरलंय. उद्यापासून कानात इअरफोन घालायचे. समजलं?"

"समजलं! पण तूही दार सताड उघडं टाकून जातेस. काल माझं कपाळ आपटलं त्यावर!"

"मग ओरडायचं होतंस!"

"आता ओरडतेय ना!"

आरडाओरडा जिन्यापर्यंत गेला. मावशी धापा टाकत आल्या. "रिनचिन! शरम नहीं आती? इस बेचारी से—" आणि पुढे होऊन त्यांनी बकुळला जवळ घेतलं. "चल बाळ, मी तुला दुसरी खोली देते."

बकुळने त्यांचा हात बाजूला केला.

"मावशी, तुम्ही मध्ये पडू नका," ती म्हणाली. "आमचा झगडा अजून बाकी आहे."