जीपच्या बगलेतली कळी

नरसिंहरावांनी जीपच्या पाठीवरून टेप फिरवली, आकडा मनात धरला आणि मुलाला म्हणाले, "आता हिला हात वर करायला सांग."

संतोषकुमार पान्हा हातात धरून बघतच राहिला. त्याचंही बरोबर होतं. तीन वर्षांत वडील या गॅरेजात आज पहिल्यांदा आले होते.

घराणं शिंप्यांचं. चार पिढ्या बेंगळुरात लोकांचे कपडे शिवलेले. पण लोक रेडिमेडला लागले आणि चिकपेटेतलं दुकान ओस पडलं. मागच्या आयुधपूजेला नरसिंहरावांनी मशीनला शेवटचा हार घातला, मशीन बनशंकरी भागातल्या घरी आणलं आणि त्यावर चादर टाकली. संतोषनं सुईला कधी हातच लावला नव्हता. त्याची कारखान्यात नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी ही जीप. लष्कराच्या लिलावातला सांगाडा, भंगारातलं डिझेल इंजिन, गुडघ्याच्या वर येणारी चाकं. दगड-चिखल तुडवत कुठंही चढेल अशी गाडी त्याला बांधायची होती. त्या नादात बापलेकांचं बोलणं जेवणाच्या ताटापुरतं उरलं होतं.

गाडी झाली, पण वरचं कापडी हूड काही होईना. बाजारातलं तयार हूड हिच्या अंगाला बसत नव्हतं. दोन कारागिरांनी कॅनव्हासचं शिवून दिलं. दोन्ही वेळा एक चाक खड्ड्यात गेलं आणि मागचा कोपरा टर्रकन फाटला. उद्या रविवारी होसकोट्यापलीकडच्या कोरड्या तळ्यात शहरभरचे जीपवाले जमणार होते. सावित्रीबाईंनी तर मुलाला बजावलंच होतं, "छप्पर नसलेल्या गाडीत मी पाय ठेवणार नाही." व्हरांड्यातल्या खुर्चीवरून नरसिंहराव तो फाटका कोपरा चार दिवस बघत होते. पाचव्या दिवशी सकाळी त्यांना राहवलं नाही.

"हात वर म्हणजे?" संतोषनं विचारलं.

"अरे, सरळ उभ्या माणसाचं माप घेऊन सदरा शिवला, तर त्यानं हात वर केला की बगलेत उसवतो. तुझ्या कारागिरांनी हिला सपाट जमिनीवर उभी करून मापं घेतली. हिचं एक चाक उंचावर चढव."

संतोषनं विटा रचल्या आणि पुढचं डावं चाक त्यावर चढवलं. जीपचं अंग पिळलं. नरसिंहरावांनी मागच्या उजव्या कोपऱ्यात पुन्हा टेप लावली.

"बघ. चार बोटांचा फरक. कापड बिचारं काय करणार?"

मग मशीनवरची चादर निघाली. अंगणात कॅनव्हास पसरला गेला, त्यावर खडूच्या रेघा उमटल्या. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत नरसिंहरावांनी जादा कापडाची एकेक चौकोनी कळी घातली, जशी सदऱ्याच्या बगलेत घालतात तशी. वरून दुहेरी टीप मारली. कॅनव्हास जड, एकट्याला आवरेना. संतोष पलीकडून त्याचा भार धरून उभा राहिला.

"ओढू नकोस. स्वल्प ढील दे."

"सरी, अप्पा," म्हणत संतोषनं कापड सैल सोडलं.

एवढंच बोलणं झालं, पण चहाच्या वेळेपर्यंत हूड गाडीवर चढलं होतं. सावित्रीबाईंनी आत बसून पाहिलं आणि उद्यासाठी चित्रान्नाचा डबा करायला घेतला.

रविवारी तळ्याच्या बांधावर जीपची रांग लागली होती. चढ बघूनच सावित्रीबाईंनी मागच्या सीटवर डोळे मिटले. संतोषनं गिअर टाकला. पुढचं चाक धोंड्यावर चढलं, मागचं खळग्यात उतरलं, गाडी कण्हली आणि पिळली. नरसिंहराव पुढं बघतच नव्हते. सीटवर गुडघा टेकून ते मागं वळले होते. त्यांची नजर त्या कोपऱ्यावर होती. कळी उलगडली. ताणली. आणखी ताणली. मग गाडी बांधावर आली आणि कळी अलगद मिटली. एकही टाका हलला नव्हता.

"धरलं!" नरसिंहराव ओरडले. "संतोष, धरलं रे! परत खाली घे, आणखी एकदा चढव!"

"अहो, पडाल!" सावित्रीबाई हसत म्हणाल्या. त्यांचे डोळे आता सताड उघडे होते.

ते पाच वेळा चढले. शेवटच्या वेळी तर सावित्रीबाईच "अजून एकदा" म्हणाल्या.

गाडी थांबली तेव्हा रविकुमार नावाचा एक दाढीवाला जीपवाला जवळ आला. हूडच्या कोपऱ्यात त्यानं बोट घालून पाहिलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. त्याची स्वतःची जीप उघडीच होती, फाटलेला कॅनव्हास मागं गुंडाळून ठेवलेला.

"आमच्या सगळ्या गाड्या घरी बांधलेल्या," तो कन्नडात म्हणाला. "एकीसारखी दुसरी नाही. बाजारातलं एकीलाही बसत नाही. हे कुणी शिवलं?"

संतोषनं वडिलांकडे बोट दाखवलं. तोवर आणखी चार-पाच जण भोवती जमले होते. प्रत्येकाला तो कोपरा बघायचा होता.

"यजमान्रे, दुकान कुठं आहे तुमचं?" रविकुमारनं विचारलं.

दुकान बंद झालं, असं सांगायला नरसिंहरावांनी तोंड उघडलं. पण संतोष त्यांच्याआधी बोलला.

"नम्म अंगडी बनशंकरीत आहे. घराच्या गॅरेजात. गाडी मी उद्यापासून रस्त्यावर लावतो, म्हणजे जागा होईल."

नरसिंहरावांनी वळून मुलाकडे बघितलं. मराठीत काय आणि कन्नडात काय, हे दोन शब्द मुलाच्या तोंडून त्यांनी जन्मात ऐकले नव्हते. नम्म अंगडी. आमचं दुकान.