हवेचा आकडा

“आज नको,” मनकर्णा म्हणाली. “आज घरातच पडू द्या मला.”

हरिबाने बाजेचा उशाकडचा पाय धरला होता, तो सोडला नाही. “आज हवा लई चांगली हाय. आत्ताच बगून आलोय. असला दिस कावून वाया घालवायचा?”

बोलायला दम लागतो, आणि दमेकरी बाईला तो जपून वापरावा लागतो. शेजारच्या भिवराबाईने पायथा उचलला आणि दोघांनी मिळून मनकर्णाला बाजेसकट अंगणातल्या लिंबाखाली आणलं.

चैत्र लागला होता आणि तलवाड्यावर धुरकं बसलं होतं. थंडीत बसतं तसलं नव्हे. तापलेलं, डोळ्यांत चुरचुरणारं. दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली होती, ऊस उभ्या उभ्या वाळत होता, म्हणून कारखान्याने उरलासुरला ऊस घाईने गाळायला घेतला. तोड लवकर उरकावी म्हणून फडच्या फड पेटवून देत होते. त्यात चिमणीची काजळी. वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी करडं होऊन घरात यायचं.

लोकांनी ओरड केली तसा कारखान्याने फाट्यावर एक बोर्ड उभा केला. वर इंग्रजी अक्षरं, खाली चमकणारा आकडा. हवा कशी आहे ते म्हणे त्यावर कळतं. गावाने टवाळी केली. “कुंपणच शेत खातंय, आन् कुंपणालाच इचारायचं, बाबा, शेत कसं हाय?”

हरिबाने टवाळी केली नाही. तो दूध सोसायटीत फॅट काढायला होता. जनावरं छावणीला गेली, सोसायटीला कुलूप लागलं, पण तोवर त्याची सारी उमर मशीनपुढे गेली होती. दाट दिसणारं दूध मशीनवर नापास व्हायचं आणि पातळ दिसणारं भाव खाऊन जायचं. आकडा चढला की लोक हसत घरी जायचे, उतरला की हरिबाच्या अंगावर यायचे. डोळे फसतात, मशीन फसत नाही, असं तो त्यांना शांतपणे सांगायचा आणि पुढच्याची किटली ओढायचा.

बीडच्या डॉक्टरने मनकर्णाची छाती तपासून बजावलं होतं, “दमा बळावलाय. रोज हवेचा आकडा बघत जा. हवा चांगली असेल त्याच दिवशी यांना मोकळ्यावर बसवा. वाईट असेल तर दारं-खिडक्या बंद ठेवा.”

हरिबाने ते गाठीशी बांधलं. मनकर्णाला जगवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पोरं पुण्याला पोटापाण्याला लागलेली. ही गेली तर घरात भांडायला तरी कोण उरणार, हा विचारच त्याला सोसत नसे.

रोज सकाळी तो फाट्यावर जाऊन बोर्ड बघे. गाव एवढं म्हणतंय तर खात्री केलेली बरी, म्हणून उत्तरेश्वरच्या मोबाईलच्या दुकानातही डोकावे.

“मोबाईलात आकडा कितीचा दावतोय?”

उत्तरेश्वर आकडा सांगे. तो बोर्डाशी जुळे. एकदा उत्तरेश्वर म्हणाला, “आबा, म्हंजी आज हवा...”

“तू आकडा सांग. बाकीचं मला कळतंय.”

“बरं बाबा. पन मोबाईलात येतं ते त्याच बोर्डाचं येतं बरं का. तिथं खोटं आसंल तर हितंबी खोटंच.”

ते मात्र हरिबाच्या मनात राहिलं. कारण एक गोष्ट त्याला बुचकळ्यात टाकत होती. दार लावून घेतलेल्या दिवशी मनकर्णा बरी असे, चतकोर भाकरी खाई. चांगल्या हवेत बसवली की खोकून खोकून निळी पडे. भिवराबाईनेही टोकलं होतं, “भावजी, हिला भाईरचं सोसंना.” पण बोर्डावर अविश्वास दाखवायचा म्हणजे जन्मभराच्या धंद्यावरच पाणी सोडायचं. हरिबाच्याने ते होईना.

त्या दिवशी त्याने तिला ऊन कलेपर्यंत लिंबाखालीच ठेवलं. मध्येच तिने हाताने घराकडे खूण केली. “आजून जराशी,” तो म्हणाला आणि तिच्याच पदराने तिचं तोंड पुसलं. दिवेलागणीच्या आधी ती गेली.

दहावं झालं आणि हरिबाने तक्रार केली. बोर्ड खोटा आहे, खोट्या आकड्याने माझी बायको मारली. इतके दिवस बोर्डाची बाजू घेणारा माणूस फिरला म्हटल्यावर सगळं गाव त्याच्या मागे उभं राहिलं.

तपासणीला सरकारी साहेब आला तोवर हंगाम आटोपला होता. बॉयलर थंड पडला होता, फड विझले होते आणि वळवाचा वारा सुटला होता. साहेबाने स्वतःचं मशीन बोर्डाखाली मांडलं. माणसं गर्दी करून उभी राहिली. हरिबा सगळ्यांच्या पुढे होता.

बऱ्याच वेळाने साहेब उठला. “बाबा, तुमचं दुःख मला कळतं. पण बोर्ड खरा आहे. माझ्या मशीनवर बेचाळीस, बोर्डावरही बेचाळीस. आज तुमच्या गावची हवा अगदी स्वच्छ आहे.”

“बेचाळीस आन् सोच्छ?” हरिबा कडाडला. “सायेब, कुनाला बनवताय? ती गेली त्या दिशी ह्याच बोर्डावर तीनशे नव्वद व्हते. येवढा चढल्याला आकडा म्या कदी बगितला नव्हता, म्हनून तर तिला दिसभर भाईर ठिवली!”