कट्ट्यावरचा पहिला प्रश्न

“पहिला प्रश्न बावळट हवा, इंदू. म्हणजे बाकीच्यांची भीड चेपते.” वाचनालयात विज्ञान वाचनकट्टा सुरू केला, तेव्हा तिचे यजमान म्हणाले होते. त्यानंतर दर रविवारी इंदुमती पुस्तकातलं एक प्रकरण वाचायची आणि जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेले यजमान, म्हणजे सगळ्यांचे ‘सर’, मुद्दाम वेड पांघरून पहिला प्रश्न विचारायचे.

आज ताऱ्यांचं प्रकरण संपलं तसे सर उठले. “दिवसा हे तारे जातात कुठे?” सगळे हसले. सूर्याच्या उजेडात ते दिसत नाहीत, एका मुलीनं सांगितलं. सर बसले, लगेच पुन्हा उठले. “दिवसा हे तारे जातात कुठे?”

“सोंग आणावं तर सरांनीच,” औषधदुकानवाले धोंगडे म्हणाले. टाळ्या पडल्या.

सर हसले नाहीत. उत्तराची वाट बघत ते इंदुमतीकडे पाहत राहिले. वर्षभर या हसण्याच्या आडोशाला तिनं त्यांना जपलं होतं, वाऱ्यात पदराआड दिवा धरावा तसं.

तिनं पुस्तक मिटलं. “टाळ्या नका वाजवू हो,” ती म्हणाली. “सोंग नाही ते. ह्यांना आता काही आठवत नाही. हे खरंच विचारतायत.”