उघडा हात, बंद हात

युन-रूने उजवा हात टेबलावर टेकवला, मग उचलला. पुन्हा टेकवला. पुन्हा उचलला, तेव्हा समोर सुपारी चघळत उभा असलेला फान म्हणाला, "टेबल तापलंय का गं?"

पूलचा शेवटचा डाव होता. दोघांची बरोबरी होती आणि टेबलावर पांढऱ्याखेरीज दोनच चेंडू उरले होते, आठ आणि नऊ. आधी आठ घालावा लागतो, मगच नऊ; आणि नऊ जो पॉकेटमध्ये घालेल तो क्लबतर्फे तैपेईच्या स्पर्धेला जाणार. क्लबातून एकालाच पाठवतात. गेली काही वर्षं तो एक फानच असायचा, आणि पहिल्या फेरीत हरून दुसऱ्या दिवशी दुपारी परतायचा.

युन-रू डावखुरी. काठी डाव्या हातात, म्हणून टेबलावर टेकायचा तो उजवा. आणि अंगठीही उजव्याच हातात, मधल्या बोटात. साखरपुड्यात मुलीला तिथेच घालतात. रविवारी घातली होती. आज दुपारभर ती उघड्या हाताने खेळत होती. तळवा पसरलेला, अंगठा वर, त्याच्या बेचक्यात काठी. हळू मारायला हा हात चांगला, नेमही स्वच्छ दिसतो. शिवाय अंगठी कुठे आड येत नाही.

आता आठ नंबर पलीकडच्या कोपऱ्यात सरळ रेषेत होता, डोळे मिटून घालावा असा. नऊ मात्र अलीकडे, तिच्या कमरेपाशी. म्हणजे आठ घालून पांढऱ्याला सबंध टेबल माघारी आणायचं. त्यासाठी पांढऱ्याला खालच्या अंगाला आणि जोरात मारावं लागतं, आणि जोरात मारताना उघड्या हातातून काठी उसळते. हात बंद करावा लागतो, तर्जनीचा वेढा काठीभोवती घालून. मग काठी मधल्या बोटाला घासत जाते, नेमकी अंगठीवरून.

तिने अंगठी बोटात फिरवली.

"काढायची नाही हं," मागून च्यानबाई म्हणाल्या. या होणाऱ्या सासूबाई. कोहळ्याचा थंड चहा घेऊन भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या. सहज आले, असं सांगून आल्या होत्या. "लग्न होईपर्यंत अंगावरून उतरू द्यायची नाही. माझ्या नणंदेने भांडी घासायला म्हणून काढली होती."

"मग?" गुण मांडणाऱ्या शुए मावशींनी विचारलं.

"मग काय. नवरा बघा कसला निघाला."

"पण नवरा तर आधीच ठरलेला होता ना?"

"तेच तर म्हणतेय."

च्यानबाईंचा शकुनांवर विश्वास होता, हे खरंच. पण तैपेईच्या स्पर्धेच्याच दिवशी त्यांनी लग्नाआधीच्या फोटोंसाठी स्टुडिओ ठरवला होता, आणि तो स्टुडिओ तारीख बदलून देत नाही, हेही खरंच. दोन खरी कारणं एकाच बाजूला पडली की माणसाचा आवाज फार मऊ होतो.

"उघड्याच हाताने मार की, बाळ," त्या म्हणाल्या. "दिसतंही छान. आणि हरलीस म्हणून कोण हसणार आहे तुला?"

"मी हसेन," फान म्हणाला.

युन-रूने अंगठी काढली.

"काकू, जरा धरता?"

च्यानबाईंनी चहाचा पेला दोन्ही हातांनी घट्ट धरला. "मी? मी हातात घेतली म्हणजे तू परत केलीस. माझ्याच मुलाचं लग्न मोडायला आले का मी इथे?"

शुए मावशींनी हात पाठीमागे नेले. "माझ्याकडे बघू नकोस. माझा नवरा जाऊन वर्ष नाही झालं."

"आणि मी घेतली," फान म्हणाला, "तर माझी बायको मला घरात घ्यायची नाही."

अंगठी टेबलाच्या काठावर ठेवायला युन-रू वाकली, तशा च्यानबाई अर्ध्या उठल्या. "हातात आहे तोवर ठीक आहे. खाली ठेवलीस की उतरली."

युन-रू सरळ झाली. मग तिने अंगठी तोंडात टाकली आणि ओठ मिटले.

तोंड अंगातच धरतात. त्यावर आक्षेप काय घ्यावा हे च्यानबाईंना सापडेना. शोधत होत्या, ते मात्र दिसत होतं.

युन-रू वाकली. उजवा हात टेकवला, तर्जनी काठीवरून वळवून अंगठ्याला भिडवली. दोनदा काठी मागेपुढे गेली, तिसऱ्यांदा सुटली. आठ आवाज करून गेला. पांढरा जागच्या जागी थबकला, फिरत राहिला, आणि मग काही विसरल्यासारखा माघारी निघाला. सबंध टेबल ओलांडून नऊच्या शेजारी येऊन थांबला.

नऊसाठी तिने हात पुन्हा उघडला. तो फटका हळू मारायचा होता, एवढंच.

नऊ गेला. फानने काठीचं बूड दोनदा जमिनीवर आपटलं. खेळणारे अशीच दाद देतात. मग सुपारी कागदी पेल्यात थुंकून तो आपल्या काठीचे दोन भाग सुटे करू लागला. शुए मावशींनी फळ्यावर युन-रूचं नाव लिहिलं.

"छान हो. छानच झालं," च्यानबाई म्हणाल्या. पेल्यातला बर्फ त्यांनी थोडा हलवला. "म्हणजे आता स्टुडिओवाल्याला मी काय सांगू?"

युन-रूने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा एक गाल किंचित फुगलेला होता.

"काढ ती बाहेर," च्यानबाई म्हणाल्या, "आणि बोल."

युन-रूने अंगठी जिभेने दुसऱ्या गालात सरकवली, आणि काठीच्या टोकाला खडू लावायला घेतला.