निधी-निक्षेपासह

शाईने माखलेला अंगठा गजराबाईंनी कागदावर टेकवलाच नाही. तो तसाच हवेत थांबला.

"टेका ना, मावशी," चुडामण वकील म्हणाले.

"आखो वाचा. शेवटनी ओळ."

वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. शहाद्याच्या कचेरीसमोर बसून त्यांनी आयुष्यभर खरेदीखतं लिहिली होती. शेवटची ओळ परत वाचा, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. खरं तर पहिली ओळही कोणी धड ऐकत नाही. लोकांना फुली कुठे मारली आहे तेवढंच हवं असतं. तरी त्यांनी वाचलं, "सदर घर, जागेसह, त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी-निक्षेपासह कायम खरेदी दिले असे."

"निधी म्हंजे?"

"जुनी भाषा शे ती, मावशी. जमीनमा जे काई पुरेल व्हई, ते समदं. आते ते यास्नं."

यास्नं म्हणजे समोर बसलेल्या जोडप्याचं. भूपेश शाळेत कारकून, रुपा त्याची बायको. कळसाडीचं गजराबाईंचं घर ते घेत होते. सात ठिकाणी पायपीट करून हे एक खिशाला झेपलं होतं. ते निसटलं तर पुन्हा भाड्याची खोली होतीच.

कागद स्वच्छ होते. वकिलांनी विचारायचं ते सगळं विचारलं होतं. तीस वर्षांचा शोध झाला, घरावर बोजा नव्हता, दावा नव्हता. गजराबाईंची एकुलती मुलगी काजल संमतीची सही करून गेली होती. पेपरात जाहीर नोटीस दिली, पंधरा दिवस वाट पाहिली, हरकत घ्यायला कोणी आलं नाही.

एकाच प्रश्नाचं उत्तर कुठल्या कागदात नव्हतं. गजराबाई मुलीकडे शहाद्याला राहायला आल्या त्याला वर्ष झालं. तेव्हापासून घराला कुलूप होतं. मग परसात सारवत कोण होतं?

घर पाहायला जावं तर मागच्या सीताफळाखाली हातभर जागा ताजी सारवलेली. शेजारी दुधाची वाटी. आजूबाजूला पाचोळा गुडघाभर, तेवढी जागा मात्र लख्ख. शेजारीपाजारी आवाज खाली आणून सांगायचे, ते घर रिकामं नाही. दोन गिऱ्हाइकं ती वाटी पाहूनच माघारी गेली होती.

भूपेशने ते हसण्यावारी नेलं. भूत सारवत असेल तर चांगलंच आहे, रुपाचं काम वाचेल, म्हणाला. रुपा हसली नाही. ती त्या सारवलेल्या जागेपाशी जाऊन बसली आणि उठेचना. वाऱ्याने सीताफळाचं एक पान पडलं, ते तिने हलकेच उचलून बाजूला ठेवलं.

तिचं हल्ली असंच होतं. गेली चार वर्षं ती खाली बघत चालायची. शेताचा बांध असो, नदीकाठ असो, कुठे माती उकरलेली दिसली की पाय अडखळायचे. बायका विचारायच्या, कानातलं पडलं का गं? ती हो म्हणायची. भूपेश अशा वेळी झपझप पुढे निघून जायचा.

वकिलांच्या टेबलावर गजराबाईंचा अंगठा वाळत चालला होता.

"तठे मन्हा पोऱ्या शे," त्या म्हणाल्या. "सीताफळखाले. तीन दिनना व्हता. आज ऱ्हाता तं चाळीसना व्हता. मी घर इकी ऱ्हायनू, साहेब. त्याले नही इकाव."

मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. दर बुधवारी म्हातारी मुलीला मंदिरात जाते म्हणून सांगायची आणि कळसाडीची एसटी पकडायची. मागच्या दाराने परसात शिरायची. गावाला ज्याची धास्ती, ते भूत सत्तरीचं होतं आणि त्याचे गुडघे दुखत होते.

भूपेशचा चेहरा उतरला. तो खुर्ची मागे सारून उठला. "चाल, रुपा. असा घरमा कोन ऱ्हाई?"

रुपा उठली नाही. तिने गजराबाईंचा शाईचा हात आपल्या हातात घेतला.

"साहेब, ती ओळ काढा. आनी नवी लिखा. मांगनं दार ह्या मायकरता कायम उघडं. सीताफळखाले कोनी खनाव नही. उद्या आम्ही घर इकं तरी कोनीच नही."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "लिहितो. पण सांगणं माझं काम आहे, ताई. दुसऱ्याची अशी वहिवाट एकदा खतात चढली की ती निघत नाही. पुढे या घराला गिऱ्हाईक मिळायचं नाही. दोघं बोलून घ्या."

"बोलानं काय त्यामा?" भूपेशचा आवाज चढला होता, तरी तो बायकोकडे बघत नव्हता. "कोनी कोठली बाई, चाळीस वरीसनी गोट. तुन्हं काय शे त्यामा?"

रुपाने मान वर केली. चार वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"ह्या मायले मालूम तं शे, तिन्हं लेकरू कोठे शे. मन्हं तुम्ही दवाखानामाथून लई गयात, ते कोठे मातीमा पुरं, हाई मले आजूनलोंग सांगं नही."