काबरी पान्हा चोरते

"आजही अर्धीच?" वीरमच्या आईने, जीवीमाने बादलीत डोकावून विचारलं.

वीरमने बादली खाली ठेवली. बायको केसर रुसून माहेरी गेल्यापासून काबरीची धार तोच काढत होता, आणि काबरी रोज पान्हा चोरत होती.

झालं होतं एवढंच. डेअरीच्या रांगेत बायका केसरचं कौतुक करत होत्या. वीरम हसत सगळ्यांसमोर बोलून गेला, "दूध गाय देते. हिचा काय हात?" केसरने किटली त्याच्या हातात ठेवली. "मग काढा तुम्हीच," म्हणाली, आणि तिने थरादची बस धरली.

"जा, घेऊन ये तिला," मा म्हणाली.

"गेली तशी येईल. तोवर तू काढ ना धार."

"माझी बोटं आखडलीत, बेटा. आचळाला हात लावून किती वर्षं झाली!"

वैशाखाचं ऊन होतं. वीरमने गोठ्यावर ओली पोती टाकली. स्वतःच्या खाटेजवळचा पंखा काबरीपुढे नेऊन ठेवला आणि आपण घामाने भिजत झोपला. तिला माठातलं गार पाणी पाजलं. तरी बादली अर्धीच.

शेजारची लेबूबेन मात्र भरली किटली मिरवत जायची. "आमच्या गोठ्यावर लिंबाची सावली आहे ना, वीरमभाई! गाय गारव्याला दूध देते."

वीरमने काबरीला तिच्या लिंबाखाली नेऊन बांधलं. काबरीने भरपूर पाला खाल्ला. दूध तेवढंच.

गुरांच्या डॉक्टरांनी तपासलं. "ऊन लागतंच. पण परका हात, परका वास, यानंही गाय बावरते."

"ऐकलंस?" मा म्हणाली. "घाल मग केसरचा घागरा."

दुसऱ्या सकाळी वीरम घागरा नेसून, डोक्यावर ओढणी घेऊन काबरीखाली बसला. काबरीने मान वळवली, ओढणी हुंगली आणि त्याच्या तोंडावर फुर्र करून शिंकली.

कुंपणावरून लेबूबेनचा आवाज आला, "अगं केसर, कधी आलीस? आणि मिशी कधी ठेवलीस?"

त्याच दुपारी वीरम बसमध्ये बसला.

सासुरवाडीच्या अंगणात तिघे मेहुणे खाटेवर बसून बघत होते. केसर दारातून बाहेरच आली नाही.

"चल घरी," तो म्हणाला. "तुझ्यावाचून काबरी दूध देत नाही."

"दूध तर गाय देते ना? माझा काय हात?"

"तुझाच हात. चुकलो मी."

"काबरीचं कळलं. तुमचं काय?"

मेहुणे हसू दाबत होते. वीरमने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. "मलाही... करमत नाही."

केसर पिशवी घेऊनच बाहेर आली. ती आधीच भरलेली होती.

सकाळी ती काबरीखाली बसली. बादली फेसाने काठोकाठ भरली. वीरम ती उचलून डेअरीत गेला आणि रांगेतल्या साऱ्या बायकांना न विचारताच सांगू लागला, "हात लागतो, हात! ऊन, पंखा, सावली सगळं झूठ!"

रिकामी बादली घेऊन तो शीळ घालत मागच्या वाटेने घरी आला. कुंपणाशी लेबूबेन माच्या कानाशी लागली होती.

"जीवीमा, उजाडायच्या आत उठून आजही वाट बघितली तुमची. म्हणजे आता काबरीचं अर्धं दूध माझ्या किटलीत ओतायला येणार नाही ना तुम्ही?"